आम्ही पळस पाहायला जातो

"मामी, तुमच्याकडे आता काय फुलेल?"

गेल्या वर्षीच्या माघ महिन्यातली गोष्ट. नणंदेची मुलगी अमेरिकेतून फोनवर विचारत होती. ती टेनेसी राज्यात राहते. तिच्या गावात बागेची आवड असणाऱ्या बायका-पुरुषांचे एक छोटेसे मंडळ आहे. जूनमध्ये ही मंडळी ग्रेट स्मोकी पर्वतात जातात. तिथे ग्रेगरी बाल्ड नावाचा एक गवताळ माथा आहे आणि त्यावर रानात आपसूक वाढणारा अझेलिया फुलतो. शेंदरी, केशरी, पिवळा, गुलाबी! त्यातल्या एका जातीला तिकडे नावच मुळी 'ज्वाला अझेलिया' असे आहे. ही माणसे पहाटे निघतात, डोंगर चढतात, झुडपांपाशी बसून डबे खातात आणि एकही फूल न तोडता परत येतात. भाचीने आदल्या जूनमधले फोटो पाठवले होते. ते पाहून मी नुसती 'अगंबाई, अगंबाई' करीत होते, तेवढ्यात तिने हा प्रश्न टाकला.

"आमच्याकडे काय फुलायचं, बाई!" मी म्हटले, "फाल्गुन लागला की फुफाटा फुलतो!"

आम्ही दोघी हसलो. सासूबाई शेजारी दादर निवडत बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. सुपातला एक खडा बाजूला टाकून हळूच म्हणाल्या, "पयस फुलस ना, फागुनमा."

पयस म्हणजे पळस. आमच्याकडच्या अहिराणीत 'ळ' चा 'य' होतो. केळीची केयी होते आणि डोळ्याचा डोया. सासूबाई एरवी माझ्याशी साध्या मराठीतच बोलतात. पण मनातले काही असले की ते अहिराणीतूनच बाहेर येते. हे मला इतक्या वर्षांत कळायला हवे होते. पण त्या दिवशी मी 'हो ना' म्हणून फोनकडे वळले.

आमचे गाव नरडाणा. धुळे जिल्ह्यात, शिंदखेडा तालुक्यात. मुंबई-आग्रा महामार्ग आणि सुरत-भुसावळ रेल्वे इथे एकमेकांना भेटतात. त्यामुळे गावावरून जाणारे पुष्कळ, उतरणारे थोडे. सभोवती काळीभोर जमीन, कपाशी आणि दादर, आणि उन्हाळ्यात असे ऊन की दुपारी रस्त्यावर कुत्रेसुद्धा दिसत नाही. माझे माहेर वाईचे. महाबळेश्वरचा घाट उशाशी आणि कृष्णामाई पायाशी. तिथून लग्न होऊन आले तेव्हा पहिली दोन-तीन वर्षे मी मनातल्या मनात एकच गोष्ट घोकत होते, 'इथे काही फुलत नाही.'

म्हणून मग मी फुलवायचे ठरवले. माहेरी गेले की महाबळेश्वरच्या वाटेवरच्या रोपवाटिकांतून काही ना काही घेऊन यायचे. लग्नाच्या चौथ्या वर्षी तिथल्या एका रोपवाटिकेत अझेलियाची कुंडी दिसली. पानोपानी गुलाबी फूल. भाव ऐकून आमच्या ह्यांनी डोळे मोठे केले. पण मी ती घेतलीच आणि एसटीने मांडीवर ठेवून नरडाण्यापर्यंत आणली. परसात तिच्यासाठी चांगला वाफा केला. तिथे एक वेडेवाकडे जुने झाड होते. त्याची पाने गळून वर्षातले दोन महिने हातातला खराटा सुटायचा नाही. ते झाड आधी पाडून घेतले. सासूबाई एवढेच म्हणाल्या होत्या, "तुम्हाला अडचण होत असेल तर पाडा."

अझेलिया आमच्याकडे जेमतेम दीड महिना जगला. पाने आधी पिवळी पडली, शिरा मात्र हिरव्या राहिल्या. मग कडा करपल्या आणि चैत्र संपायच्या आत नुसत्या काड्या उरल्या. मी शेणखत घातले, दोन वेळा पाणी दिले, गोणपाटाची सावली केली. काही उपयोग झाला नाही.

त्याचे कारण पुढे पुष्कळ वर्षांनी कळले. मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणी थंड हवेच्या ठिकाणाहून असे रोप आणायच्या विचारात असाल तर हे लक्षात असू द्या. अझेलिया ही ऱ्होडोडेंड्रॉनच्याच कुळातली झाडे. हे कुळ थंड डोंगरावरचे. हिमालयात त्याला बुरांस म्हणतात. उत्तराखंडाचा तो राज्यवृक्ष, तिकडच्या बायका त्याच्या लाल पाकळ्यांचे सरबत करतात. नेपाळात तोच लाली गुरांस, त्या देशाचे राष्ट्रीय फूल. दक्षिणेत निलगिरीच्या उंच माथ्यांवरही त्याची एक जात आहे. या झाडांना आंबट माती लागते, म्हणजे जिच्यात चुना नाही अशी. मुळे केसासारखी बारीक आणि वरच्या वर पसरलेली. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी भरपूर. अशा जमिनीत लोह असले तरी ते अझेलियाच्या मुळांना घेता येत नाही, म्हणून पाने पिवळी पडतात. शिवाय काळी माती पावसात चिकट आणि उन्हात दगडासारखी होते. त्या नाजूक मुळांना तिथे श्वास कुठून घेता येणार? तेव्हा शेणखत कमी पडले म्हणून रोप गेले नाही. मी त्याला त्याच्या घरून उचलून भलत्या घरी आणले होते. सासुरवाशिणीला यापेक्षा जास्त काय समजावून सांगायचे!

तर फोनच्या दुसऱ्या दिवशी गच्चीवर पापड वाळत घालताना मी ही अमेरिकेतल्या मंडळाची गोष्ट शेजारणींना सांगितली. आमचेही एक मंडळच आहे म्हणा ना. नाव नाही, वर्गणी नाही. कुंड्यांची, कलमांची, बियांची देवाणघेवाण करणाऱ्या आम्ही सात-आठ जणी. त्यात शाळेत शास्त्र शिकवणाऱ्या एक बाई आहेत. त्या म्हणाल्या, "मग आपण का जात नाही? पळासनेरकडे या दिवसांत पळस काय फुलतो! मी गाडीतून जाताना दर वेळी मान वळवून बघते, पण उतरून कधी पाहिलाच नाही."

पळासनेर म्हणजे महामार्गावर सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशच्या हद्दीजवळचे गाव. नावातच पळस. आमच्यापासून तासाभराचा रस्ता.

आता बायकांची सहल ठरणे म्हणजे काय असते हे तुम्हाला सांगायला नको. एकीच्या मुलाची परीक्षा, एकीकडे पाहुणे, एकीच्या घरी विचारायचे कुणी या प्रश्नावरच चार दिवस गेले. "देवदर्शनाला जातो म्हणा, लगेच हो म्हणतील," एकीने युक्ती सांगितली. हद्दीच्या पलीकडे घाटात बिजासनी मातेचे देऊळ आहे. आमच्या खान्देशातली पुष्कळ घरे तिला मानतात. पण शिक्षिकाबाई म्हणाल्या, "दर्शनाला जाऊच. पण फुलं पाहायला जातोय, हेही सांगायचं." आमचे हे वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणाले, "फुलं पाहायला एवढं डिझेल?" मी म्हटले, "क्रिकेट पाहायला एवढी वीज?" पुढचे बोलणे तिथेच संपले.

निघायच्या आदल्या रात्री सासूबाई स्वयंपाकघरात आल्या. दशम्या करीत होते मी. "मी येऊ का?" त्यांनी विचारले. त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दुखतात. लग्नाला आणि दवाखान्याला सोडून त्या गावाबाहेर कधी गेल्या, मला आठवेना. मी क्षणभर थांबले. ते पाहून त्या लगेच म्हणाल्या, "देवीचं दर्शनही होईल."

होळीच्या आधीचा रविवार. सहाला क्रुझर दारात आली. आम्ही आठ जणी, त्यात सासूबाई पुढच्या सीटवर. डब्यांत दशम्या, कळण्याच्या भाकरी, वांग्याचे भरीत, मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि एकीने आणलेले गुळाचे शंकरपाळे. पाण्याचे दोन मोठे कॅन.

नरडाणा सोडला की रस्ता उत्तरेकडे तापीवर येतो. सावळद्याच्या पुलावर सासूबाईंनी चालकाला गाडी हळू करायला सांगितली, खिडकीतून हात जोडले आणि पदराच्या गाठीतले एक नाणे पाण्यात टाकले. मग शिरपूर आले, अरुणावती नदीकाठचे. तिथे चहा झाला. शिरपूर मागे पडले आणि समोर सातपुड्याची निळसर रांग दिसू लागली. धुळ्याहून हद्दीपर्यंत हा रस्ता आता चौपदरी झाला आहे. गाड्या अशा धावतात की डावीकडे काय आणि उजवीकडे काय, बघायला सवड नाही. पण त्या दिवशी आमचे दुसरे कामच नव्हते. "तो बघा!" "तो नव्हे गं, ती सावर!" असा गाडीभर गलका सुरू झाला.

पहिली दिसली ती काटेसावरच. उंच, सरळ, अंगाला काटे आणि पानांशिवायच्या फांद्यांवर वाटीएवढी लालबुंद फुले. आपल्या आज्यांच्या उशांत ज्या सावरीचा कापूस असायचा ती हीच. मग सांगवी मागे टाकली आणि रस्त्यापासून थोडे आत, माळावर आणि शेतांच्या बांधांवर, आग लागल्यासारखे काहीतरी दिसले. सगळ्या जणी एकदम गप्प झाल्या.

आम्ही महामार्ग सोडून एका गाडीवाटेने आत गेलो. शेतात एक बाप्या काम करीत होते, त्यांना विचारून गाडी बांधापाशी उभी केली आणि उतरलो.

मैत्रिणींनो, पळस मी फोटोत पाहिला होता, बसच्या खिडकीतून पाहिला होता. पण फुललेल्या पळसाखाली उभे राहणे वेगळे. झाडावर एक पान नाही. काळसर, वाकड्यातिकड्या फांद्या आणि त्यांना लगडलेली केशरी फुले, इतकी की फांदीच दिसू नये. फूल हातात घेतले की गंमत कळते. पाकळीला बाहेरून रेशमासारखी लव. मधली पाकळी पोपटाच्या चोचीसारखी बाकदार. संस्कृतात पळसाला किंशुक म्हणतात. 'हा पोपट तर नव्हे?' असा त्याचा अर्थ, शिक्षिकाबाईंनी सांगितले. फुलाच्या देठाशी काळपट मखमली वाटी असते. म्हणून उमलायच्या आधीच्या कळ्यांचे झुबके कोळशासारखे दिसतात आणि उमललेली फुले निखाऱ्यासारखी. वास मात्र नाही. जुन्या संस्कृत कवींनी त्यावरून पळसाला नावे ठेवली आहेत.

"नावं ठेवायला काय जातं! त्याला वासाची गरजच नाही," बाई म्हणाल्या. "वासाने बोलवायचं ते माशांना, पतंगांना. पळसाचे पाहुणे पक्षी. त्यांना रंग दिसतो. त्यात तेव्हा झाडावर पानं नसतात, म्हणून लांबूनही दिसतं." आणि खरोखरच वर नुसती जत्रा भरली होती. साळुंक्या, बुलबुल, इवलासा जांभळा सूर्यपक्षी. एक खारूताई तर शेपटी उडवीत फुलाफुलातला मध चाखत होती.

'पळसाला पाने तीनच' ही म्हण आपण उठता-बसता वापरतो. कुठेही जा, माणसे सारखीच, अशा अर्थाने. पण हा पळस आपल्या घरात किती ठिकाणी असतो याची आम्ही तिथे बसून यादी केली, तेव्हा चकित झालो. मुंजीत बटूच्या हातातला दंड पळसाचा. होमातल्या समिधा पळसाच्या. लग्नाच्या पंगतीतल्या पत्रावळी आणि द्रोण पळसाच्या पानांचे. लाखेचे किडे पोसतात तेही या झाडावर. रंगपंचमीचा जुना केशरी रंग पळसाच्या फुलांचा. बंगालमधली १७५७ ची ती प्लासीची लढाई, त्या गावाचे नावही पलाशावरूनच पडले असे सांगतात. शास्त्रीय नाव ब्यूटिया मोनोस्पर्मा. मोनोस्पर्मा म्हणजे एका बियाचा. एवढी हातभर फुले, पण शेंग चपटी आणि तिच्यात टोकाला बी एकच.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात एक पावरा बाई डोक्यावर टोपली घेऊन आली. होळीच्या आधीचा आठवडा म्हणजे सातपुड्यात भोंगऱ्या बाजाराचे दिवस. तिच्या गळ्यात आणि हातांत चांदी होती, अंगावर नवे लुगडे. ती झाडाखाली पडलेली फुले वेचू लागली. आमच्यातल्या एकीने हौसेने खालची फांदी ओढली होती. त्या बाईने नुसती मान हलवली आणि खाली पसरलेल्या सड्याकडे बोट दाखवले. एवढी खाली पडलीत, वरची कशाला? तिची बोली पावरी, सासूबाईंची अहिराणी. पण दोघींचे पाच मिनिटांत असे काही जमले की आम्ही बघतच राहिलो. वेचता वेचता त्या दोघी झाडाच्या बुंध्यापाशी जाऊन बसल्या.

थोड्या वेळाने सासूबाईंनी मला हाक मारली. त्यांच्या तळहातावर एक लाल खडा होता, माणकासारखा. खोडाच्या भेगेत वाळलेला डिंक त्यांनी नखाने काढला होता.

"हाऊ कमरकस. वळखस का?"

कमरकस मी ओळखत होते. बाजारात पुडीत मिळतो. बाळंतिणीच्या लाडवांत डिंक, खोबरे, खारीक यांच्याबरोबर तोही घालायची आमच्या घरी पद्धत आहे. माझ्या दोन्ही बाळंतपणांत त्यांनी ते लाडू केले होते. पण तो पळसाचा डिंक असतो हे मला माहीत नव्हते, आणि तसे मी सांगितले.

"तुझ्या वेळेला पुडी आणावी लागली," त्या म्हणाल्या. "माझ्या पोरीच्या वेळेला घरचाच होता. परसातल्या झाडाचा."

मला कळायला एक क्षण लागला. परसातले झाड. पानांचा कचरा करणारे, वेडेवाकडे. फाल्गुनात मी आठ-पंधरा दिवस माहेरी जाऊन यायचे, त्यामुळे त्याची फुलण्याची वेळ मी कधी नीट पाहिलीच नव्हती; परत येईपर्यंत खाली चिकचिक झालेला पाचोळा तेवढा दिसायचा. नणंदेच्या पहिल्या बाळंतपणात, म्हणजे आज टेनेसीत अझेलिया पाहायला जाणाऱ्या त्या मुलीच्या जन्माच्या वेळी, सासूबाईंनी त्या झाडाचा डिंक काढून लाडू केले होते. त्यानंतर काही वर्षांनी मी त्याच जागी दीड महिन्यासाठी अझेलिया लावला होता.

"तुम्ही बोलला का नाहीत तेव्हा?" मी विचारले. आवाज माझाच मला परका वाटला.

"नवी होतीस तू. माहेराहून फूल घेऊन आली होतीस मांडीवर. काय बोलणार?" त्यांनी तो खडा माझ्या हातावर ठेवला. "आणि घर तुझंही होतं."

त्यात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते. मी तो खडा रुमालात बांधून घेतला.

तिथेच सावली पाहून आम्ही डबे सोडले. पावरा बाईला दशमी-चटणी दिली. तिने ती पदरात बांधली आणि आम्हाला ओंजळभर फुले दिली. मग घाट चढून बिजासनी मातेचे दर्शन झाले. सासूबाई देवीपुढे बराच वेळ हात जोडून उभ्या होत्या. मीही होते, पण काय मागावे ते सुचेना.

खरी गंमत परतताना झाली. उन्हे कलली होती. नरडाण्याजवळ आलो आणि रेल्वेच्या रुळांपलीकडे, ओसाड तुकड्यावर, दोन पळस फुललेले दिसले. भाजीला, दळणाला, बँकेत जाताना आम्ही सगळ्या ज्या रस्त्याने जातो तिथून सहज दिसावेत असे. गाडीत एकच हशा पिकला. "पन्नास किलोमीटर गेलो की गं आपण!" एकजण म्हणाली. सासूबाई पुढून म्हणाल्या, "मले ठाऊक व्हतं." मग मागे न बघता पुढे मराठीत, "पण सांगितलं असतं तर मला कुणी नेलं असतं का सातपुड्यात?"

त्या वर्षी रंगपंचमीला आमच्या आळीतली पोरे पळसाच्या रंगाने खेळली. कृती सोपी आहे. खाली पडलेली फुले वेचून आणावीत, काळ्या वाट्या काढून टाकाव्यात आणि पाकळ्या रात्रभर पाण्यात भिजत घालाव्यात. घाई असेल तर पातेलेभर पाण्यात दहा-पंधरा मिनिटे उकळाव्यात आणि थंड करून गाळून घ्यावे. सुंदर केशरी-पिवळे पाणी होते. चिमूटभर खायचा चुना टाकला की रंग गडद होतो. पण चुना डोळ्यांना वाईट, म्हणून मुलांच्या खेळण्याच्या पाण्यात तो मुळीच घालू नये. फुले सावलीत वाळवून डब्यात भरली तर पुढच्या वर्षीही चालतात. पांढऱ्या कपड्यावर डाग राहतात, तेव्हा जुनेच कपडे द्यावेत.

आणि तुम्हालाही अशी सहल काढायची असेल तर दोन-चार गोष्टी अनुभवाच्या. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचा काळ चांगला. सकाळी लवकर निघा. दहानंतर ऊन चढते आणि पक्षीही पांगतात. महामार्गाच्या कडेला गाडी थांबवू नका, आतल्या वाटेला वळा. शेत कुणाचे आहे ते विचारून मगच पाय ठेवा. झाडाखाली चूल पेटवू नका. त्या दिवसांत पाचोळा वाळून कोळ झालेला असतो आणि एका ठिणगीचे काम असते. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बरोबर न्या. आम्हाला पुस्तकातून जेवढे कळले त्याहून जास्त पुढच्या सीटवरून कळले.

पळसाचे रोप करून लावायचे तर जरा जिकिरीचे. त्याचे सोटमूळ लवकर खोल जाते आणि पिशवीत गुंडाळले जाते. म्हणून बी जागेवरच टोचावे. रुळांपलीकडच्या त्या दोन झाडांच्या शेंगा ज्येष्ठात वाळून खाली पडल्या. सासूबाई आणि मी एका संध्याकाळी जाऊन पाच वेचून आणल्या. बिया रात्रभर भिजवल्या आणि पहिला पाऊस पडल्यावर परसात लावल्या, जिथे माझा अझेलियाचा वाफा होता तिथेच. खत नाही, गोणपाट नाही. पाचांतल्या दोन उगवल्या. मातीला तक्रार नव्हती. तिचेच मूल होते ते.

आज त्यातले एक रोप वीतभर झाले आहे. दुसरे त्याहून लहान. दोघांनाही तीन-तीन पाने. पळस सावकाश वाढतो, फुलायला बरीच वर्षे घेतो. पाणी घालताना मी एकदा सासूबाईंना तसे म्हटले. त्या ओट्यावर बसल्या होत्या.

"मी देखसू का नही," त्या म्हणाल्या, "तू देखशी."

मी काही बोलले नाही. तांब्यातले उरलेले पाणी दुसऱ्या रोपाला घातले.

परवा भाचीचा फोन आला. यंदा ती होळीला येते आहे. मी तिला सांगितले, "तुमच्या ज्वाला अझेलियासारखंच आमच्याकडेही एक आहे. झाड मोठं आहे, वास नाही, पण तुझ्या आजीला त्याची सगळी गोष्ट ठाऊक आहे." मग फोन सासूबाईंच्या हातात दिला आणि क्रुझरवाल्याला विचारायला बाहेर पडले. यंदा आम्ही अकरा जणी आहोत, दोन फेऱ्या कराव्या लागतील.